अक्षर कुठे जाड, कुठे बारीक?

मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेकडे जाताना हातखंब्यानंतर पाली लागते. येथे रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेले की लांजा, आणि डावीकडे वळले की नाणीज, साखरपा व आंबा घाट चढून कोल्हापूर. मुलांनो, अशा फाट्यावरच्या पाटीची अक्षरे कधी निरखून पाहिली आहेत का? त्यांची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते. आता घरातले एखादे जुने छापील पुस्तक किंवा पोथी उघडा आणि भिंगातून 'ठ' पाहा. त्याचे वर्तुळ वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड, तर उरलेल्या दोन बाजूंना बारीक दिसेल. असे का बरे?

याचे उत्तर बोरूत आहे. दोन पेन्सिली शेजारी-शेजारी धरून रबराने घट्ट बांधा. दोन्ही टोकांत साधारण 8 मिलिमीटर अंतर असू द्या. एक टोक वर डावीकडे आणि दुसरे खाली उजवीकडे, असा 45 अंशांचा तिरपेपणा ठेवा. आता हात न फिरवता आडवी रेघ ओढा, मग उभी ओढा. दोन्ही वेळा पेन्सिलींच्या रेघांत सुमारे 5.7 मिलिमीटर अंतर पडेल. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी तिरपी रेघ ओढलीत, तर अंतर पुरते 8 मिलिमीटर. आणि उलट्या दिशेची तिरपी ओढलीत, तर दोन्ही रेघा एकमेकींवरच येतील! हे अंतर म्हणजेच तिरप्या कापलेल्या बोरूच्या रेघेची जाडी. याच जोडपेन्सिलीने गोल काढा. पोथीतला 'ठ' तुमच्या वहीत उतरेल. देवनागरीची शिरोरेषा आणि उभा दंड जवळजवळ सारखेच जाड का, तेही कळेल.

इंग्रजीची लेखणी उलट्या बाजूला तिरपी धरतात. म्हणून त्यांच्या 'ओ'ची जाडी खाली डावीकडे व वर उजवीकडे येते. शिवाय त्या अक्षरांच्या टोकांना छोटी पावले असतात. त्यांना 'सेरिफ' म्हणतात. रोममध्ये ट्रेजन बादशहाच्या स्तंभावर इसवी सन 113 च्या सुमारास कोरलेल्या लेखात ती दिसतात, आणि लंडनच्या 'टाइम्स' पत्राने 1932 साली स्वतःसाठी घडवून घेतलेल्या 'टाइम्स न्यू रोमन' या प्रसिद्ध टाइपातही दिसतात.

आपली शिरोरेषा म्हणजे देवनागरीचा सेरिफच, असे कोणी कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. सेरिफ काढून टाकला तरी इंग्रजी अक्षर तेच राहते. आपल्याकडे मात्र शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर अक्षर ठरते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' शेजारी लिहून पाहा. मी शाळेत असताना गणिताच्या छापील प्रश्नपत्रिकेत 8, −27, 5, −1, 64 यांतील 'धन संख्या' निवडायला सांगितल्या होत्या. शाईने फट भरून गेली होती. वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'घन संख्या' वाचले आणि 8, −27, −1, 64 अशी उत्तरे लिहिली. गणित बरोबर, गुण शून्य! मीही त्यांतलाच.

म्हणूनच खिळे पाडणाऱ्याचे काम जोखमीचे होते. आधी पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, आणि साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. नुसते शिसे मऊ. अँटिमनीने ते कठीण होते व निवताना फारसे आकसत नाही, त्यामुळे बारीक रेघ साच्याबरहुकूम उतरते. मुंबईत जावजी दादाजी यांनी 1864 साली खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि 1869 साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी ठसे कोरणारे कसबी कारागीर होते राणोजी रावजी आरू. बोरूची जाड-बारीक शिशात उतरवूनही फटी मोकळ्या राहिल्या, हे त्यांचे कौशल्य. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ दूरदूरचे पंडित वापरत.

जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या मात्र शेकड्यांनी वाढे. पालीपासून जवळच, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि खिळे 190 पर्यंत उतरवण्याची योजना आखली.

मग पाटीवर हे सुंदर वळण का नको? निरोगी डोळ्याला साधारण एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, कोन वेगळा ओळखता येतो. पुस्तक 30 सेंटिमीटरवर धरले, तर ही मर्यादा 0.09 मिलिमीटर भरते. पुस्तकातली बारीक रेघ आणि फट त्याहून मोठी असते, म्हणून ती सहज दिसते. पण पाटी 60 मीटरवर असेल, तर हीच मर्यादा सुमारे 17 मिलिमीटर होते. त्यातून ताशी 60 किलोमीटर वेगाच्या गाडीला ते अंतर कापायला जेमतेम 3.6 सेकंद लागतात. बारीक रेघ तेथे विरून जाते. संगणकाच्या पडद्यावरही असेच होते: रेघ ठिपक्यांची बनते आणि ठिपक्याहून बारीक काही उमटत नाही. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडवलेल्या 'मंगल' टाइपात जाड-बारीक फरक कमी आहे, तो यामुळेच.

आता एक प्रयोग. कागदावर 5 सेंटिमीटर उंचीचा 'ध' आणि तेवढाच 'घ' काढून भिंतीवर लावा. एकदा सारख्या जाडीच्या रेघेने, एकदा जोडपेन्सिलीने काढून आतला भाग भरून. मग मित्राला एकेक पाऊल मागे जायला सांगा. कोणत्या जोडीतला फरक आधी कळेनासा होतो, आणि किती पावलांवर, ते वहीत टिपून ठेवा.