मिठूचा पंख : जखमी पोपटाच्या शुश्रूषेचा एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासावर काही मिळेल अशीच असणार. आम्ही या संस्थेत इतिहास शिकवितो आणि यापूर्वीच्या स्मरणिकांतही शिलालेख, ताम्रपट यांच्या पलीकडे फारसे गेलो नाही. यंदा मात्र एका पोपटाविषयी लिहावे असे ठरविले. गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातील मुलांनी बारा दिवस एका जखमी पोपटाची शुश्रूषा केली. त्या बारा दिवसांत मुलांच्या आणि आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या लिहून ठेवल्या नाहीत तर पुढील तुकडी त्याच चुका पुन्हा करील.

वसतिगृहाच्या भोजनगृहामागील ओसरीत एक पिंजरा टांगलेला असे, हे माजी विद्यार्थ्यांस आठवत असेल. आमच्या स्वयंपाकीण मावशी नोकरीवर रुजू झाल्या त्या हा पोपट घेऊनच आल्या. वादळात पडलेल्या झाडाच्या ढोलीतील ते पिल्लू त्यांनी कापसात ठेवून, भिजविलेली डाळ भरवून जगविले होते. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असलेला आपला नेहमीचा राघू तो. अशी कंठी नरालाच येते आणि तीही साधारण तिसऱ्या वर्षी. मुले त्यास मिठू म्हणत.

एके रात्री मांजर ओसरीत शिरले. मिठू घाबरून पिंजऱ्यात धडपडला आणि तुटलेल्या तारेत त्याचा पंख अडकला. पहाटे पाण्यास गेलेल्या मुलांनी पाहिले तेव्हा पिंजऱ्याखालच्या फरशीवर रक्ताचे थेंब होते आणि डाव्या पंखातून रक्त टपकतच होते. मुलांनी आम्हांस उठविले ते थोड्या वेळाने. तोपर्यंत तीन उपचार होऊन गेले होते. एकाने हळद दाबली, दुसऱ्याने त्यावर खोबरेल तेल चोळले आणि तिसऱ्याने चोचीत चमच्याने पाणी ओतले. चौथा त्यास छातीशी घट्ट आवळून बसला होता. चौघांचाही हेतू निर्मळ होता, आणि घरी आम्हीही तेच केले असते, हे येथे कबूल करतो.

या चार कृतींपैकी सर्वांत घातक कोणती, असे आम्ही नंतर वर्गात विचारले. बहुतेकांनी तेल म्हटले. खरे उत्तर छातीशी आवळणे हे आहे. माणसाच्या छातीखाली श्वासपटल असते, ते खाली-वर होऊन फुप्फुसे भरतात. पक्ष्यास तसे श्वासपटल नसते. त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. ते हाड हालू दिले नाही तर नाक उघडे असूनही पक्षी गुदमरतो. म्हणून पोपट धरावयाचा झाल्यास पातळ पंचा किंवा जुना रुमाल त्याच्यावर टाकावा, अंगठा व तर्जनी यांनी डोके जबड्याच्या दोन्ही बाजूंनी सैलसर धरावे, पंख कापडात मिटलेले राहू द्यावेत आणि छातीवर मुळीच दाब येऊ देऊ नये.

चमच्याने ओतलेले पाणीही तितकेच धोक्याचे. घाबरलेल्या पक्ष्याच्या चोचीत ओतलेले पाणी घशातून श्वासनलिकेत उतरू शकते. पाण्याची वाटी समोर ठेवावी, तो स्वतः प्याला तर पिईल. तेलाविषयी सांगायचे तर, पिसे एकमेकांवर बसून त्यांच्यात हवा अडकते आणि हीच पक्ष्याची गोधडी होय. तेलाने वा मलमाने ती चिकटली की ऊब निघून जाते. शिवाय पोपट चोचीने पिसे साफ करतो, म्हणजे जे लावाल ते पोटात जाते. हळदीने इजा झाली नाही, पण जखम मात्र झाकली गेली आणि डॉक्टरांस ती पुन्हा धुवावी लागली.

आता रक्ताचे गणित. अशा पोपटाचे वजन साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर असते. पक्ष्याच्या अंगातील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे मिठूच्या अंगात सारे मिळून जेमतेम बारा मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या पाच मिलिलिटरच्या झाकणाची अडीच झाकणेसुद्धा नव्हेत. आपल्या गुडघ्यास खरचटून जेवढे रक्त जाते व आपण विसरूनही जातो, तेवढ्याने त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून प्रथम काम एकच, रक्त थांबविणे. स्वच्छ गॉजची घडी जखमेवर ठेवून दोन-तीन मिनिटे न उचलता दाबून धरावी. मध्येच उचलून पाहण्याचा मोह मुलांस आवरत नाही आणि त्याने गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. नख तुटले असेल तर त्यावर स्वयंपाकघरातील कॉर्नफ्लोअर दाबल्याने रक्त थांबते. उघड्या जखमेत मात्र कोणतीही पूड भरू नये.

मिठूचे रक्त दाबूनही थांबेना. तालुक्याच्या गावी ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे, आम्ही गाई-म्हशींचेच पाहतो, असे उत्तर मिळाले. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, मात्र अर्धा तास गेला. पुढे एका खाजगी पशुवैद्यक बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मांजराचा दात किंवा नख लागले आहे का? आम्हांस तो प्रश्न त्या वेळी अनावश्यक वाटला. त्यांनी समजावून सांगितले की मांजराच्या तोंडात असे जीवाणू असतात की टाचणीएवढ्या छिद्रातूनही ते पक्ष्याच्या रक्तात विष पसरवितात. जखम किरकोळ दिसली तरी लगेच प्रतिजैविक द्यावे लागते, उद्यापर्यंत थांबता येत नाही. सुदैवाने मांजर पिंजऱ्याबाहेरच राहिले होते.

मग त्यांनी पंख उजेडात पसरून दाखविला. नव्याने उगवणारे पीस प्रथम एका नळीत असते आणि त्या नळीतून रक्त वाहत असते. पीस पूर्ण वाढले की हा पुरवठा आपोआप आटतो व मग ते आपल्या केसासारखे निर्जीव होते. मिठूचे असेच एक वाढते पीस मधोमध मोडले होते. नळी मोडली म्हणजे नळ उघडा राहिला. त्यांनी चिमट्याने ते मुळापासून एका दिशेने उपसले, वर गॉज दाबला आणि रक्त थांबले. हे काम घरी करू नये, असे त्यांनी बजावले, कारण चुकीच्या दिशेने ओढल्यास पंखाचे नाजूक हाड मोडते.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती. परंतु त्यांनी शेजारच्या पिसांकडे बोट दाखविले. ती सर्व कात्रीने सरळ कापलेली होती. मावशी दरवर्षी पंख छाटीत, उडून जाऊ नये म्हणून. पाखराचे कोवळे पीस दोन्ही बाजूंच्या पूर्ण वाढलेल्या पिसांच्या आधाराने सुरक्षित वाढते. शेजारी कापलेले असतील तर ते एकटे बाहेर डोकावते आणि पहिला आघात त्यालाच बसतो. म्हणजे मांजर हे निमित्त होते, तार हेही निमित्तच होते. आम्ही इतिहासाच्या वर्गात तात्कालिक कारण आणि मूळ कारण यांतील फरक शिकवितो. तो फरक त्या दिवशी आमच्यासमोर टेबलावर पसरलेला होता.

वसतिगृहात परतल्यावर खरी शुश्रूषा सुरू झाली. पिंजरा ओसरीतून काढून अभ्यासिकेशेजारच्या रिकाम्या खोलीत नेला. स्वयंपाकघराजवळ पक्षी ठेवणे मुळातच अयोग्य. धूर त्यास सोसत नाही, आणि न चिकटणाऱ्या तव्याचा लेप फार तापला तर निघणाऱ्या वायूने पक्षी मिनिटांत मरतो. पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाकल्या. एका कडेला बाहेरून बल्ब लावून तेथील उष्णता तीस अंशांच्या आसपास ठेवली, दुसरी कडा थंड ठेवली, जेणेकरून नको वाटल्यास तो सरकू शकेल. आजारी पक्ष्याची बरीच शक्ती अंग उबदार ठेवण्यातच खर्ची पडते, तेवढी आपण वाचवून द्यावयाची. उंच दांडी व झोका काढला आणि पेरूची एक फांदी तळापासून चार बोटांवर बांधली. पडलाच तर लागू नये. तळाशी पांढरा कागद अंथरला.

पांढरा कागद विष्ठेसाठी. निरोगी पोपटाच्या विष्ठेचे तीन भाग वेगळे दिसतात, हिरवा घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि भोवतीचे स्वच्छ पाणी. यांत लाल वा डांबरासारखा काळा रंग दिसला, किंवा हिरवा भागच नाहीसा झाला, तर डॉक्टरांकडे जावयाचे. हिरवा भाग नसणे म्हणजे तो खात नाही. दाणे फोडल्याचा आव तो आणतो, टरफले पडलेली दिसतात आणि आपण फसतो. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकार होतो, म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. पिसे फुगवून, डोळे मिटून तो तळाशी बसला म्हणजे लपविण्याचीही ताकद संपली असे समजावे.

यावर उपाय वजनाचा. प्रयोगशाळेतील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन घेण्याचे काम सातवीतील एका मुलाकडे दिले. हा मुलगा जूनमध्ये वसतिगृहात आला तेव्हापासून कोणाशी फारसा बोलत नसे. त्याने वहीत रकाने आखले. पहिल्या दिवशी ११२, तिसऱ्या दिवशी १०८. त्या सकाळी तो प्रार्थनेस न थांबता धावत आमच्या खोलीवर आला आणि म्हणाला, "सर, चार ग्रॅम गेले!" मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी घट झाली तर धोका, हे त्यास आम्हीच सांगितले होते. म्हणून ताबडतोब फोन केला. डॉक्टरांनी वेदनाशामकाची मात्रा वजनावरून ठरवून दिली. माणसाच्या गोळीचा तुकडा देण्याची सूचना एका सहकाऱ्यांनी केली होती, ती आम्ही मोडून काढली. एवढ्याशा देहास माणसाची गोळी म्हणजे विष.

आहाराविषयी थोडक्यात. मिठू वर्षानुवर्षे सूर्यफुलाच्या बिया व चहात बुडविलेल्या पोळीवर वाढला होता. चहा पूर्ण वर्ज्य, तसेच चॉकलेट, खारे पदार्थ आणि अव्होकॅडो. दूधही पक्ष्यास पचत नाही. बाजरी, मोड आलेले मूग, गाजर, भोपळा, पालेभाज्या, पेरू हे द्यावे. मिरची त्यास खुशाल द्या. तिखटाची जी आग आपणांस जाणवते ती पक्ष्यास जाणवतच नाही. पोपट मिरची खातो म्हणून त्यास शौर्य चिकटविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे! पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुणे मात्र सक्तीचे, कारण पोपटाच्या विष्ठेच्या धुळीतून माणसास फुप्फुसाचा ताप होऊ शकतो.

सातव्या दिवशी जखम सुकली. डॉक्टर म्हणाल्या, "सर, आता दुसरी गोष्ट. हा पोपट ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?" ठाऊक होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये आपल्याकडचे सर्व देशी पोपट संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे, पाळणे, सर्वच गुन्हा. दुकानात मिळणारे कॉकाटील, बजरीगर हे परदेशी पक्षी निराळे. आम्ही वर्षानुवर्षे त्या ओसरीवरून जेवावयास गेलो आणि मुलांना नागरिकशास्त्रही शिकविले. मावशींस बोलणे जड जाई म्हणून गप्प राहिलो, असे आम्ही स्वतःस सांगत होतो. खरे म्हणजे आम्हांसही त्याच्या शिट्टीची सवय झाली होती.

मावशींस सांगितले तेव्हा त्या बराच वेळ पीठ मळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय चोरी केली का, सर? मरत होता, जगविला." यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी जगविला हे खरे आणि त्यांच्याच कात्रीने तो जखमी झाला हेही खरे. मुलांचे दोन तट पडले. सोडून द्या, म्हणणारे पुष्कळ होते. पण कापलेले पीस लगेच उगवत नाही, वार्षिक पीसगळीत जुने देठ गळले म्हणजेच नवे येते. शिवाय रानातले खाणे शोधणे, ससाणा ओळखणे हे त्यास कोणी शिकविलेच नव्हते. असा पक्षी मोकळा सोडणे म्हणजे त्यास मारणे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे उपचार केंद्र आहे, तेथे तो न्यावयाचे ठरले. वनरक्षकांनी जबाब लिहून घेतला. मावशींवर गुन्हा नोंदविला नाही.

बाराव्या दिवशी वजन भरले ११८. मावशींनी त्या सकाळी बाजरीचे कणीस पिंजऱ्यात ठेवले आणि गाडी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. वहीत त्या मुलाने शेवटचा रकाना भरला आणि खाली स्वतःच्या अक्षरात आणखी तीन रकाने आखून ठेवले, केंद्राकडून कळेल तसे भरण्यासाठी. दोन भरले आहेत, १२१ आणि १२४. डाव्या पंखावर चार नवी पिसे आली असल्याचेही कळले आहे. तो मुलगा दर रविवारी आमच्याकडे फोन मागावयास येतो आणि बोलणे झाले की आकडा सांगण्यासाठी प्रथम स्वयंपाकघरात जातो.