माणसे आणि महिने

माझे वडील गवंडी. भिंतीला किती दिवस लागतील, हे ते विटांवरून सांगतात. दोन गवंडी लावले तर दिवस निम्मे. संगणकाच्या आज्ञावलीला हा हिशेब लागू पडत नाही, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) या ग्रंथात दाखवले. आयबीएमच्या 'ओएस/३६०' या लांबलेल्या कामाचे ते प्रमुख होते. रखडलेल्या कामावर माणसे वाढवली की ते अधिकच रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय ५ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १०, तर १० जणांत ४५! प्रत्यक्ष लेखनाला ब्रुक्स एक षष्ठांशच वेळ देतात. चाचणीला मात्र निम्मा. वडिलांना हे वाचून दाखवले. म्हणाले, "गेल्या साली उक्त्या कामात गिलाव्याचे दिवस कमी धरले, तुझी फी त्यातच गेली."