‘खर्ज’ : एका संगीतसंज्ञेची व्युत्पत्ती आणि अर्थांतर

कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसले आहे. तेथपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर भजन आणि दशावतार या दोहोंतही पेटी हे प्रमुख स्वरवाद्य होय. पेटीतील पितळी सुरांचे खर्ज, नर व मादी असे प्रकार मानले जातात. त्यांपैकी ‘खर्ज’ म्हणजे खालच्या सप्तकाचे सूर. येथे ‘खर्ज’ हे एका स्वराचे नाव नाही. ज्या ‘षड्ज’ शब्दाचे ते रूपांतर आहे तो मात्र एकाच स्वराचा वाचक आहे.

‘षड्ज’ म्हणजे सहा स्वरांना जन्म देणारा, असे वर्गात सर्रास सांगितले जाते. परंपरेत या अर्थाला आधार असला तरी व्याकरणाला तो मानवत नाही. समासाच्या अंती येणारा ‘ज’ हा ‘जन्मलेला’ असाच अर्थ देतो. पंकज काही चिखलाला जन्म देत नाही! तेव्हा नासिका, कंठ, ऊर, टाळू, जिव्हा आणि दंत या सहा स्थानांपासून उपजलेला तो षड्ज, हा शिक्षाग्रंथांच्या परंपरेतील अर्थच ग्राह्य धरावयास हवा.

रूपाचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. प्राकृतात ‘ष’चा ‘स’ होतो. अर्धमागधीतील ‘अनुयोगद्वारसूत्रा’त या स्वराचे नाव ‘सज्ज’ असे येते. मराठीतही ‘षट्’चे ‘सहा’ आणि ‘मनुष्य’चे ‘माणूस’ झाले. सरगमेतील ‘सा’ याच वळणाचा आहे. मराठीच्या स्वाभाविक विकासातून ‘खर्ज’ हे रूप निष्पन्न होणे संभवत नाही. उत्तरेकडील बोलींत मात्र ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा होई, इतका की जुन्या हस्तलिखितांत ‘ख’साठी ‘ष’ हेच अक्षर लिहिलेले आढळते. ‘वर्षा’चे बरखा, ‘भाषा’चे भाखा, तसे ‘षड्ज’चे खरज. हा शब्द हिंदुस्थानी गायकीबरोबर मराठीत आला आणि येथे ‘खर्ज’ असा जोडाक्षरी झाला. राठ या अर्थाच्या ‘खर’ शब्दाशी त्याचे नाते केवळ ध्वनिसादृश्याचे आहे.

अर्थविस्ताराचे मूळ तंबोऱ्यात शोधता येते. त्याची जाड, चौथी तार मंद्र षड्जात मिळवलेली असते व तिलाच खर्ज म्हणतात. तारेवरून हे नाव त्या सप्तकाला, आणि ‘खर्जातला आवाज’ या प्रयोगात थेट बोलण्याच्या पट्टीला लागले असावे. म्हणूनच ‘खर्जातला पंचम’ असे म्हणता येते. ‘षड्जातला पंचम’ म्हणणे निरर्थक ठरेल. भजनी बुवाच्या पेटीतील ‘खर्ज’ही याच विस्तारलेल्या अर्थाचा आहे.