खारपाणपट्ट्यातील घरचे पाणी : काय तपासावे?

गेल्या उन्हाळ्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. पूर्णा नदीच्या काठचे त्याचे गाव, घरी चार महिन्यांची मुलगी. आईला दूध पुरत नसल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलीला डब्याचे दूध सुरू केलेले. बसल्याबरोबर त्याने विचारले, "सर, आम्ही लेकराला विष पाजतोय का?"

झाले असे होते की, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक गृहस्थ त्याच्या घरी येऊन गेला होता. त्याने एका पेल्यात घरचे नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात आपल्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून वीज सोडली. नळाचे पाणी पाहता पाहता तपकिरी झाले, त्यावर मळकट साय जमली. यंत्राचे पाणी जसेच्या तसे राहिले. घरातील सारी माणसे घाबरली. मग त्याने खिशातून टीडीएस मीटर काढून नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचे आकडे दाखविले. बोअरचा आकडा मोठा होता.

मी त्याला प्रयोगशाळेत नेले. एलिमिनेटरला दोन लोखंडी खिळे जोडून आम्ही ते ऊर्ध्वपातित पाण्यात बुडविले. काहीच झाले नाही. मग त्याच पाण्यात चिमूटभर स्वयंपाकाचे मीठ टाकले. थोड्याच वेळात पाणी हिरवट-तपकिरी होऊन त्यात गंजाचे कण तरंगू लागले. त्या पेल्यातील घाण पाण्यात नव्हतीच, ती खिळ्याच्या लोखंडातून आली होती. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळई झिजते. क्षार काढलेल्या पाण्यातून ती जवळजवळ वाहत नाही, म्हणून सळई शाबूत राहते. पाणी आरोग्यास अपायकारक आहे की नाही, याविषयी तो प्रयोग एक शब्दही सांगत नाही. (घरच्या विजेवर हा प्रयोग कोणीही करू नये, जिवावर बेतेल.)

परंतु त्याचा मूळ प्रश्न अजून शिल्लकच होता. तो समजून घेण्यासाठी आपल्या भागातील पाण्याची थोडी ओळख हवी.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांस शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. चिकणमाती अधिक, निचरा संथ, ऊन कडक; त्यामुळे भूजलात क्षार साठत गेले. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या परिसरातील अनेक गावांत विहिरीचे पाणी मचूळ किंवा चक्क खारट लागते, ते यामुळे. याउलट सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांचे पाणी पावसाचे, खडकाशी फारसा सहवास न झालेले, म्हणून गोडे. शहानूर आणि वान या धरणांतून प्रादेशिक योजनांद्वारे नळाने येते ते हे पाणी. एकाच अंगणात दोन पाणी असतात आणि त्यांचे गुणदोष एकच समजले जातात, इथेच घोटाळा होतो.

खारटपणा आणि दुष्फेनता याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठामुळे पाणी खारट होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे ते दुष्फेन, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'जड', होते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, कारण साबण या दोन मूलद्रव्यांशी संयोग पावून चिकट साका होऊन बसतो. बादलीच्या कडेला राखाडी वळ उमटते ते त्याचेच. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, कारण कॅल्शियम दाण्यातील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता पाणी उकळल्यावर बरीच जाते आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरते. त्यावर लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे आले तर तो चुन्याचा थर होय. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेली दुष्फेनता मात्र उकळून जात नाही. तुरटीने तर कोणतीच जात नाही. तुरटी केवळ गढूळपणा खाली बसविते.

दुष्फेनता मोजणे दहावीच्या मुलांनाही जमते. 50 मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात अमोनियाचे बफर द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचे थेंब टाकावेत. रंग द्राक्षासवासारखा लाल होतो. मग ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडावे. लाल रंग संपूर्ण निळा झाला की थांबावे. जितके मिलिलिटर लागले त्यास 20 ने गुणावे. 15 मिलिलिटर लागले, तर दुष्फेनता लिटरला 300 मिलिग्रॅम. शेवटचा थेंब पडताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आता या आकड्याचे करायचे काय? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, यात दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास 600 पर्यंत मुभा आहे. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजेच टीडीएससाठी, हे आकडे 500 आणि 2000 आहेत. मुभा दिली आहे यातच अर्थ आहे. या मर्यादा मुख्यतः चव, साबण, नळ आणि भांडी यांच्या दृष्टीने आखलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो असे आपण सर्रास म्हणतो. पण त्यापेक्षा पाणी कमी पिणे हे कारण कितीतरी ठळक आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी खारट पाण्याविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे, तो निराळा विषय.

नायट्रेटला मात्र मानकात मुळीच मुभा नाही. लिटरला 45 मिलिग्रॅम, त्यापुढे नाही. शौचालयाचा शोषखड्डा, उकिरडा आणि शेतातील खत यांतून ते विहिरीत व बोअरमध्ये उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने घटते आणि बाळ निळसर पडू लागते. टीडीएस मीटर क्षारांची गोळाबेरीज दाखवितो; त्यात मीठ किती आणि नायट्रेट किती हे त्यास कळत नाही. जंतू तर त्यास दिसतच नाहीत. मीटरवर 80 दाखविणाऱ्या पाण्यात अतिसाराचे जंतू असू शकतात.

हे सांगत असताना तो मध्येच म्हणाला, "नळ आठ-आठ दिवस येत नाही, सर. पाणी संपलं की आई बोअरचं पाणी खळखळ उकळून त्यात दूध कालवते."

मी क्षणभर गप्प झालो. उकळल्याने जंतू मरतात, हे आम्हीच वर्गात शिकविले. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, हे शिकवायचे राहिले.

त्याला मी सांगितले ते असे. बाळाच्या दुधासाठी बोअरचे पाणी आजपासून बंद. नळाचेच पाणी उकळून, निववून वापरावे आणि तेवढे वेगळे राखून ठेवावे. बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नायट्रेटसाठी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीची बाटली असते. नळाच्या पाण्यात तिचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे टीसीएल पडलेली आहे. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन घरापर्यंत पोहोचले पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आरओ यंत्र नायट्रेट आणि मीठ दोन्ही काढते. ज्या गावात गोडे पाणी पोहोचतच नाही तेथे ते उपयोगाचे आहे. पण नळाच्या गोड्या पाण्याला ते लावणे म्हणजे पैसा आणि पाणी दोन्ही वाया घालविणे, कारण घरगुती यंत्रे बहुधा जितके पाणी देतात त्याहून अधिक सांडून टाकतात.

जाताना मी त्याला जंतुपरीक्षेच्या, एचटूएसच्या, दोन बाटल्या दिल्या. एकीत नळाचे पाणी तोटीतून थेट भरायचे, दुसरीत घरच्या पिंपातले, आणि दोन्ही दोन दिवस उबदार जागी ठेवायच्या. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतील जंतू असण्याचा संभव. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नळाच्या पाण्याची बाटली तशीच होती. पिंपातल्या पाण्याची काळी झाली होती.

पाणी घरात आल्यावर बिघडत होते. आठ दिवस साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला, आणि येणारा-जाणारा तांब्या बोटांसकट पिंपात बुडविणारा. त्याने पिंप घासून उन्हात वाळविले आणि तालुक्याहून एक तोटी आणून बसविली. बोअरच्या पाण्याचा अहवाल पुढे आला : नायट्रेट मर्यादेच्या वर. आता ते पाणी धुण्याभांड्यालाच वापरतात, आणि शोषखड्डा व बोअर यांच्यातले अंतर मोजून पाहण्यासाठी त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे.