छोटे सर्किट आणि विजेचा गोंगाट
विज्ञान प्रदर्शनासाठी आपण ५५५ टायमर आयसीचे सर्किट बनवतो. बॅटरीवर ते उत्तम चालते. पण अडॅप्टर लावला आणि शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली की रिले उगाच खटखटतो. मग आपण आयसीला दोष देतो, नवी आणायला पैसे मागतो. बहुतेक वेळा आयसी निर्दोष असते.

मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. तिचा गोंगाट वीजतारेतून येतो, तसाच रेडिओलहरी होऊन हवेतूनही येतो. तारेवरच्या गोंगाटासाठी आयसीच्या १ व ८ क्रमांकाच्या पायांना अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा. 'खेटून' हा शब्द महत्त्वाचा आहे. लांब तारेने जोडला तर तारेचे इंडक्टन्सच आडवे येते. पाचव्या पायापासून ग्राऊंडला ०.०१ मायक्रोफॅरड, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड. चौथा पाय वापरात नसेल तर मोकळा सोडू नये, आठव्याला जोडावा.

हवेतल्या गोंगाटासाठी तारा आखूड ठेवाव्यात, कारण लांब तार म्हणजे अँटेनाच. सर्किट पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा ग्राऊंडला जोडावा. बिस्किटाचा डबाही चालतो, फक्त आत पुठ्ठा घालावा, नाहीतर शॉर्ट होईल.

नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातले अतिक्षीण संकेत टिपायचे, म्हणून तिथलीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धातूच्या बंद आवरणात ठेवतात. अडॅप्टर मात्र कोणीही उघडू नये; आत २३० व्होल्ट असतात.