बाजारातली पत आणि बँकेतली पत

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये आजही जबानीवर कापड मिळते. अंबरनाथ-बदलापूरचे शिलाईवाले महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर धंदा करतात. वेळेवर पैसे देणाऱ्याची पत वाढते, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. पण ही पत बँकेच्या कागदावर उमटत नाही.

बँक पाहते ती सिबिलची नोंद. सिबिल २००० साली स्थापन झाली. आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. आकडा ३०० ते ९००. हप्ता, कार्डाचे बिल मुदतीत भरले की चढतो, चुकले की उतरतो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याचा आकडाच नसतो.

आपल्याकडे खरा घोटाळा जामिनात होतो. भाचा, शेजारी, कारागीर कोणीही आला की मुरव्वतीने सही दिली जाते. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते. हप्ते थकले तर त्याचाही आकडा पडू शकतो, आणि वसुलीवाले त्याच्याच दुकानावर येतात. तो हप्ता आपल्याला झेपेल का, हे पाहूनच सही करावी.

थकलेले कर्ज बँकेने कमी रकमेत मिटवले की माणूस खूश होतो. परंतु नोंद ‘सेटल्ड’ अशी राहते, ‘क्लोज्ड’ नव्हे. जमल्यास पूर्ण रक्कम भरून ना-देय दाखला घ्यावा.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात नाव, पॅन आणि फिटलेली कर्जे तपासावीत. चूक दिसल्यास तक्रार करावी; ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.