पाय टेकला, पण चूक कोणाची?

प्रस्तुत लेखकाने आपली पहिली ट्रायल्स मोटारसायकल इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये 900 पौंडांना घेतली. टू-स्ट्रोक, 250 सीसी, धुऊन लख्ख केलेली, वर नवे स्टिकर. तो पोहोचला तेव्हा इंजिन आधीच चालू होते. गार इंजिन किती किकांनी उठते, हे त्याने विचारलेच नाही.

ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. दगड, ओढे, झाडांची मुळे यांतून आखलेला टप्पा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की 1 दंडगुण, दोनदा टेकला की 2, त्याहून जास्त वेळा 3. टप्पा फसला की 5. स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल जॉनी ब्रिटन यांनी 1952 मध्ये जिंकली ती रॉयल एनफिल्ड बुलेटवर. आजची ट्रायल्स गाडी तिच्यापेक्षा कितीतरी हलकी, साधारण 70 किलोची. बसायला धड सीट नाही आणि मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम 4 पीएसआय. एवढ्या नाजूक तोलाच्या गाडीत थोडासा ढिलेपणाही स्वाराला भोवतो.

पहिले तीन महिने लेखक प्रत्येक वळणावर पाय टेकत राहिला. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे रेटायची, दगडावर मागचे चाक बाजूला सरकायचे. आपलाच तोल कच्चा, असे समजून तो सराव वाढवत गेला.

शेवटी क्लबमधल्या एका जुन्या स्वाराने गाडी स्टुलावर चढवली आणि मागचे चाक धरून वर उचलले. खट्ट!

मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजची बेअरिंग गंजून संपली होती. गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ झाले होते. वॉटर पंपाचे सील जाऊन कूलंट त्यात मिसळत होते. क्लचप्लेटाही झिजलेल्या. दुरुस्तीला 580 पौंड लागले.

म्हणून नवशिक्याने विक्रेत्याला आधीच सांगावे, की इंजिन गार ठेवा. पोहोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. मागचे चाक वर-खाली आणि आडवे हलवावे, पुढचे चाक उचलून फोर्क मागे-पुढे ओढून पाहावा. ऑइलचा रंग तपासावा. क्लचची परीक्षा मात्र इंजिन तापल्यावर घ्यावी, कारण गार असताना चांगल्या गाडीचा क्लचही कधीकधी चिकटतो. इंजिनाखालच्या पत्र्याला पोचे असणारच. फूटरेस्टजवळच्या वेल्डिंगला तडा असेल तर सरळ परत फिरावे. अनेक ट्रायल्स गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणीच झालेली नसते, तेव्हा चासी नंबर खरवडलेला नाही ना, हे नीट पाहावे. चेन, टायर, ब्रेकपॅड झिजलेले असतील तर भाव करावा. हाताशी असलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि सोबत क्लबमधला जाणकार न्यावा.

ती गाडी लेखकाकडे अजून आहे. प्रेशरच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये घुसते आणि ग्रीस वाहून जाते, म्हणून चिखल तो बादली आणि ब्रशने काढतो. वर्षातून दोनदा लिंकेज उघडून ताजे ग्रीस भरतो.